साहेबांचा शर्ट इंजिनावर वाळत घातला त्याची हकिकत

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत बरीच असणार, कारण बरी नसती तर तू फोन करून माझा कान खाल्ला असतास. गुडघे कसे आहेत? पोट साफ होतं का? (हसू नकोस. आपल्या वयात विचारण्यासारखं एवढंच उरतं, बाकीची चौकशी शोभेची.) तुझ्या बायकोला आशीर्वाद सांग. मागल्या आठवड्यात ती मला भेटून गेली, फार बरं वाटलं. बाई गुणाची आहे, तुझ्याशी इतकी वर्षं नांदली त्यावरून ते दिसतंच. हे पत्र स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचू नकोस. बैठकीच्या खोलीत जा, तुझ्या त्या गुलाबी झालरीच्या दिव्याखाली नीट बस, दिवा लाव आणि मग वाच. डोळ्यांना जपावं. आणि मागल्या वेळेसारखं चुकांभोवती लाल शाईनं गोल काढून पत्र परत पाठवू नकोस. मला शाळेतून काढलं आणि तुला घातलं, तेव्हा माझ्या वाटच्या वेलांट्या तुझ्याकडेच आल्या असं समज आणि तूच घालून घे.

आपलं जुनं पाणीघर तुला आठवत असेल. आठवायलाच पाहिजे, मिसरूड फुटायच्या आधी तू तिथं उमेदवार म्हणून काम शिकायला होतास. टाकीखालची पत्र्याची शेड, आणि आत ते एका नळकांड्याचं हिरवं इंजिन, विहिरीतलं पाणी टाकीत चढवायचं. विजेचे पंप आले, इंजिन बंद झालं, शेडला कुलूप लागलं आणि सगळ्यांना वाटलं विषय संपला. तर तो संपलेला नाही. तिथं आता संग्रहालय आहे. संग्रहालय म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे संगमरवरी जिना आणि गणवेशातला पहारेकरी येईल, तसलं काही नाही. शेड तीच, पत्रा तोच, आणि चालवणारे तीन म्हातारे. एक तुझ्या वेळचा फिटर (अजून आहे, कान तेवढे गेलेत), दुसरा निवृत्त झालेला दातांचा डॉक्टर आणि तिसरा भूगोलाचा मास्तर. पगार कुणालाच नाही. दर रविवारी येतात, पुसतात, तेल घालतात, इंजिन चालवतात, आणि बघायला कुणी आलं नाही तर एकमेकांनाच माहिती सांगतात.

मी तिथं गेले ती भांडायला. माझ्या लेकानं नवं घर घेतलंय ते नेमकं पाणीघराच्या पाठीमागे. रविवारी दुपारी जरा आडवं व्हावं तर त्या इंजिनाचं टुक, टुक, टुक, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काजळी. एका रविवारी मी ती चादर दोरीवरून ओढली, पुराव्याला हातात घेतली आणि तरातरा शेडमध्ये शिरले. म्हटलं, हे काय चालवलंय तुम्ही, माझ्या घरात बोललेलं ऐकू येत नाही. तर ते तिघं चादर बघायची सोडून माझ्याकडेच बघत राहिले. मास्तर म्हणाला, "तुमच्या घरापर्यंत ऐकू येतं? खिडकी बंद असताना सुद्धा?" मी म्हटलं, खिडकी काय, कानात बोळे घातले तरी येतं. त्यानं डॉक्टरला मिठीच मारली. मग दोघं मिळून फिटरच्या कानाशी ओरडले, "ऐकू जातं म्हणतात!" फिटर म्हणाला, "काय?" "ऐकू जातं!" "काय जातं?" इतका वेळ हे चाललं की मी कशाला आले होते ते मलाच आठवेना. डॉक्टरनं तोवर माझी चादर उजेडात धरली, आ करायला लावल्यासारखी उलटी-पालटी केली आणि निदान केलं की काजळी फार काळी आहे, म्हणजे इंजिनाला तेल जास्त जातंय. फिटरनं कुठलासा खिळा पिळला, धूर पातळ झाला. माझ्या चादरीचे त्यांनी आभार मानले. चादरीचे, माझे नव्हेत.

आणि मग जे झालं ते मी तुला सांगते, पण सुनेच्या कानावर घालू नकोस. फिटरनं माझ्यासमोर एक चिंधी धरली आणि म्हणाला, "हे धरा." बस. मला खुर्ची दिली नाही (खुर्ची एकच, तिच्यावर ग्रीसचा डबा होता), दमलात का विचारलं नाही. धाकट्या, माझ्या घरी काय चालतं तुला ठाऊक आहे. सून चांगली आहे, तिला नावं ठेवायला जागा शोधावी लागते, पण उठल्यापासून तिचं एकच, "आई, तुम्ही बसा." भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं, केर काढायला एक गोल चकती आणलीय ती घरभर सरपटते आणि मी पाय वर घेऊन तिला वाट द्यायची. बसून बसून मी उशी झाले होते, उन्हात टाकून दोन धपाटे घालायचेच काय ते बाकी होतं. त्या चिंधीनं मी पितळेचा एक नळ पुसला. नळात माझं नाक दिसायला लागलं. दुसऱ्या रविवारी मी पुन्हा गेले, चादर न घेता.

आता संकट कळलं ते असं. नगरपालिकेला ती जागा गाड्या उभ्या करायला हवी होती. एक साहेब अमुक रविवारी येणार, इंजिन स्वतः चालताना बघणार, चाललं तर शेड संग्रहालयाकडे राहील, नाही चाललं तर इंजिन कापून भंगारात. कापून, धाकट्या. तिघांनी मला हे सांगितलं तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघत होता आणि डॉक्टर स्वतःचाच दात चाचपत होता.

तेव्हा मी ठरवलं की पाहुणा यायच्या आधी घर स्वच्छ पाहिजे. इंजिनाचे जे मोठे लोखंडी दांडे मागेपुढे होतात, त्यांच्यावर पिवळट चिकट थर होता, बोट फिरवलं तर बोट रुतावं. मला वाटलं, पुरुषांचा कारभार, जन्मात कुणी घासलं नसेल. शेडची किल्ली तोवर माझ्याकडे आली होती (मी जवळ राहते म्हणून, माझ्यावर विश्वास म्हणून नव्हे). ते तिघं कोपऱ्यावर चहाला गेले तशी मी घरून रॉकेल आणलं, साबणाची पावडर आणली, घासणी आणली, गरम पाण्याच्या बादल्या आणल्या आणि त्या इंजिनाला तान्ह्या पोरासारखं खसाखसा न्हाऊ घातलं. असे चकाकले दांडे की बघत राहावं. तिघं परत आले आणि दारातच थिजले. डॉक्टरनं चष्मा काढला, परत घातला. मास्तर वाकून म्हणाला, "चेहरा दिसतो हो यात." मी काय, फुलून गेले. फिटर ग्रीसच्या डब्याकडे निघाला तशी मी ओरडले, फरशी ओली आहे, पाय ठेवाल तर बघा! तिघांना बाहेर काढलं, कुलूप घातलं आणि घरी गेले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि भली माणसं अशा वेळी करतात तेच केलं, म्हणजे काहीच केलं नाही.

त्या आठवड्यात हवा अशी दमट की बरणीतलं मीठ चमच्याला सोडेना. मधल्या एका दिवशी मास्तर किल्ली मागायला दारापर्यंत येऊन गेला म्हणे, पण सुनेनं सांगितलं आई झोपल्यात, आणि तो सभ्य माणूस उलट्या पावली गेला. (मी झोपले नव्हते. बसले होते. बसवलेली होते.) रविवारी कुलूप काढलं तर आतलं इंजिन विटेच्या रंगाचं झालेलं. दांडे, चाकाची कड, सगळीकडे तांबूस गंज. तेव्हा मला कळलं की तो थर घाण नव्हता. ते ग्रीस होतं, मुद्दाम लावलेलं, याच कारणासाठी.

मी खांबाला टेकून उभी राहिले. म्हटलं, बोला, काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेते. आमच्या घरात माझ्या हातून दूध उतू गेलं तरी चार माणसं ओट्याशी जमतात, तुला माहीत आहे. इथं डॉक्टर म्हणाला, "ताई, तुम्ही निदान घासलंत तरी. माझ्याकडे येणारे घासायचेच नाहीत." मास्तर म्हणाला की लोखंड आहे, गंजतं, तो त्याचा स्वभाव आहे. आणि फिटरनं पॉलिशपेपर फाडून त्याचे तुकडे केले, तेलात बुडवले, त्यातला एक माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "हे धरा." इतक्या वर्षांत मला कुणी इतकं चांगलं बोललेलं आठवत नाही. (तुझ्या दुलाभाईंनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदा माझ्या चहाला बरा म्हटलं होतं, पण तेव्हा त्यांना ताप होता.)

साहेब येणार पुढच्या रविवारी, आणि चार म्हाताऱ्यांच्यानं तो गंज तोवर उतरणं शक्य नव्हतं. मग मी आमच्या इमारतीत फिरले. माझ्यासारख्या बसवलेल्या तिथं पुष्कळ आहेत. तळमजल्यावरची शिंपीण आली, तिची सासू आली, वरच्या मजल्यावरची निवृत्त नर्स आली, आणि कोण कोण आल्या. रोज दुपारी आम्ही बायका त्या दांड्यांना भिडलो. सुनांच्या आणि सासवांच्या कागाळ्या करता करता हात असा चालतो म्हणून सांगू. सगळ्यात लांब दांडा शिंपिणीच्या सासूनं एकटीनं उजळला, आणि शिंपीण समोरच बसलेली होती. मास्तरला मधेच विहिरीची खोली सांगायची होती, त्याला कुणी तोंड उघडू दिलं नाही.

तेव्हाच मला चाकाच्या धुरेवर एक भोक सापडलं, लाकडी खुंटी ठोकून बुजवलेलं. मी फिटरला ओरडून विचारलं, हे काय? तो म्हणाला, इथं पितळेची कुपी होती, काचेची खिडकी असलेली, तिच्यातून थेंब थेंब तेल आत पडायचं. एका बाजूनं चेपली होती. मी विचारलं, कुणी चेपली? "एका उमेदवारानं. माझ्या पायावर पाडली." मग गेली कुठं? फिटर खुंटीकडे बघत म्हणाला, "शेवटच्या दिवशी इथं दोघंच होतो. मी आणि तो. कुलूप मी लावलं." एवढंच. मी कुणाची बहीण ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझ्याकडे त्यानं बघितलं सुद्धा नाही. तो चेपलेला भाग मी तुझ्या घरी, त्या दिव्याच्या बुडाशी, स्वतःच्या हातानं पुसलाय, धाकट्या. तू तो भिंतीकडे करून ठेवतोस आणि वर गुलाबी झालर सोडतोस. मी तोंड मिटलं. इतका वेळ मिटलं की नर्सनं माझी नाडी बघितली. (उठू नकोस. बस खाली. अजून पुष्कळ आहे.)

तर ती कुपी नाही म्हणून त्या दिवशी हातानं तेल सोडायचं ठरलं, आणि ते काम माझ्याकडे आलं. लांब नाकाची तेलाची झारी घेऊन मी चाकाशी उभी. साहेब आला. पोरसवदा, अंगात बगळ्यासारखा पांढरा शर्ट, आल्या आल्या म्हणाला, पाच मिनिटं आहेत माझ्याकडे. आता या इंजिनाचं डोकं आधी मोठ्या स्टोव्हनं लाल होईस्तोवर तापवावं लागतं आणि मग चाकाला हिसका द्यायचा, त्याशिवाय ते हलत नाही, आपल्या थोरल्या काकांसारखं. डॉक्टरनं स्टोव्हला पंप मारला, डोकं तापलं, तिघांनी चाक ओढलं. फुस्स. परत ओढलं. फुस्स. साहेबानं घड्याळाकडे पाहिलं. मास्तर पांढराफटक. तशी आम्ही सगळ्या बायका चाकाला झोंबलो आणि शिंपिणीची सासू दात खाऊन म्हणाली, "हल की मेल्या!" टुक. सगळ्यांनी चाक सोडलं. टुक. मग टुक, टुक, टुक, आणि पत्रा थरथरायला लागला. फिटरला काही ऐकू येत नाही, त्यानं तळहात इंजिनाच्या अंगावर ठेवला आणि डोळे मिटले. मी तिकडे बघत नव्हते, मला तेल सोडायचं होतं.

साहेबाला बघवेना. तो जवळ आला, वाकला आणि म्हणाला, "आजी, हे काय करताय?" आता कुणी विचारलं तर मी वळून उत्तर देते, तशी वळले. झारी माझ्याबरोबर वळली. कॉलरपासून पोटापर्यंत एक सणसणीत काळी धार. मास्तरनं भिंत धरली. मी म्हटलं, काढा. तो म्हणाला, अहो राहू द्या, मी निघतोच आहे. मी म्हटलं, काढा म्हणते ना, तेल एकदा मुरलं की जन्मात जायचं नाही. पोरगं शहाण्या आईचं असावं, मुकाट्यानं काढला. शिंपिणीनं साबण लावला, नर्सनं चोळला, मी पिळला, आणि इंजिनाच्या तापलेल्या धुराड्याशेजारच्या कठड्यावर वाळत घातला. आता शर्ट वाळायचा तर धुराडं तापलेलं पाहिजे, आणि धुराडं तापायचं तर इंजिन चालू पाहिजे. साहेबाची पाच मिनिटं केव्हाच संपली. तो बनियनवर खुर्चीत (ग्रीसचा डबा खाली ठेवून), आणि समोर मास्तर, ज्याला आठवडाभर कुणी बोलू दिलं नव्हतं. विहीर, विहिरीचा झरा, झऱ्याचा डोंगर, डोंगराचा खडक, सगळं झालं. बनियनवरचा साहेब बघायला रस्त्यावरची माणसं आत येऊ लागली, आणि आलेली इंजिन बघत थांबली. शेवटी साहेबच उठून लोकांना सांगायला लागला की डोकं आधी तापवावं लागतं. फिटरनं त्याच्या हातात चिंधी दिली. "हे धरा." त्यानं धरली.

शर्ट वाळला. पाठीवर गंजाचा एक आडवा पट्टा उमटला, कारण तो कठडा मी घासला नव्हता. साहेबानं तो तसाच अंगात घातला. जाताना म्हणाला, शेड तुमच्याकडे राहील. पण एक अट घालून गेला: फिरत्या चाकाशेजारी म्हाताऱ्या बाईनं (त्यानं 'ज्येष्ठ' म्हटलं, शिकलेला आहे) हातानं तेल सोडायचं नाही. मूळ कुपी बसवा, मी परत येऊन बघेन, तोवर इंजिन बंद. मला राग आला, पण ज्याला बनियनवर बघितलं त्याच्यावर राग फार वेळ टिकत नाही.

तर धाकट्या, मी आता सुखात आहे. त्या तीन म्हाताऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी त्यांना सांगणार नाही, डोक्यावर बसतील. भांडायला आलेल्या बाईच्या हातात त्यांनी काम दिलं, त्यांचं इंजिन मी गंजवलं तर आणखी काम दिलं. घरी सूनही आता 'बसा' म्हणत नाही, कारण माझ्या कपड्यांना तेलाचे डाग असतात आणि तिला सोफ्याची काळजी. तुझ्याकडून पैसे नकोत (तू पाठवत होतास अशातला भाग नाही). अशा जागा पैशांपेक्षा माणसांवाचून बंद पडतात. जुन्या सुती चिंध्या असतील तर ठेव, आणि ओळखीत कुणी बसवलेलं असेल तर इकडे पाठव.

इथं सगळे ठणठणीत आहेत, इंजिनासकट. देव तुलाही असंच ठेवो.

तुझी,
तेलकट हातांची थोरली

ता.क. ती कुपी तू राजीखुशीनं द्यावीस असं मला फार वाटतं. तू आठवण म्हणून ती नेलीस हे मला समजतं. नीट विचार कर. मी घाई करत नाही.

दुसरा ता.क. घाई करत नाही कारण कुपी इथं आली आहे. गेल्या रविवारी बसवली, थेंब थेंब तेल पडतं, साहेब बघून गेला (या वेळी काळा शर्ट घालून). आता झालर जरा वर करून बघ. खाली आहे तो माझा पाणी प्यायचा पितळेचा पेला, मीच गुपचूप धाडलेला. त्यात वाळू भरून तुझ्या बायकोनं वरचा बल्ब रोवलाय, आणि कुपी पिशवीत घालून तिनं माझ्याकडे आणली. तू तेव्हापासून रोज त्याच्याखाली पेपर वाचतोयस. आठवण एवढी जपलीस म्हणे.

तिसरा ता.क., आणि हेच सांगायला पत्र लिहिलं. माझा पेला मला परत पाहिजे. टपालानं धाडू नकोस, तुझ्या हातून आधीच एक पितळ चेपलंय. स्वतः घेऊन ये, रविवारी, जुने कपडे घालून. फिटरनं विचारलं कुपी कुठं सापडली, मी म्हटलं एका उमेदवारानं सांभाळून ठेवली होती. त्यानं काच बोटानं पुसली आणि म्हणाला, "फोडली नाही म्हणजे पोरगं बरं निघालं. त्याला म्हणावं, माझ्या पायाचं अजून काही बोलला नाहीस." तेव्हा आलास की आधी त्याच्या कानाशी मोठ्यानं बोल, आणि त्यानं चिंधी पुढे केली की काय, कशाला, विचारत बसू नकोस. धर.